आइस्क्रीमच्या डब्यातले मटार

फॉर्म भरायची शेवटची तारीख, रात्रीचे साडेअकरा वाजलेले, वेबसाइट आधीच रखडतेय आणि फोटो काही केल्या अपलोड होत नाहीये. ‘फक्त जेपीजी चालेल’ असं लाल अक्षरांत येतंय. तुमचा फोटो मित्राच्या आयफोनवर काढलेला, म्हणजे ‘हेइक’ प्रकारातला. अशा वेळी हॉस्टेलमधला कुणीतरी जाणकार हमखास पुढे येतो. ‘एवढंच ना? रिनेम कर, शेवटी डॉट जेपीजी टाक.’ तुम्ही टाकता. विंडोज विचारतं, असं केलंत तर फाइल निकामी होऊ शकते, नक्की बदलायचं का? ते न वाचताच तुम्ही ‘येस’ दाबता. फाइलच्या नावापुढे आता ऐटीत ‘जेपीजी’ झळकतंय. पुन्हा अपलोड करता. आणि पुन्हा तीच लाल अक्षरं.

वेबसाइट खडूस नव्हती. तिने फाइलचं नाव वाचण्यावर न थांबता फाइल वाचली, एवढंच. नाव बदललं तरी आतला माल तोच होता.

आता गंमत बघा. वेबसाइटने जी हुशारी दाखवली ती आपण स्वतः कधी दाखवतो का? आपल्याकडे दिवसाला पंधरा-वीस फाइल येतात. नोट्स, असाइनमेंट, लग्नपत्रिका, ‘सिनिअरकडून मिळालेला इम्पॉर्टंट क्वेश्चन सेट’, इंटर्नशिपचं ऑफर लेटर. आपण नाव बघतो, आयकॉन बघतो आणि टॅप करतो. फाइल आत काय आहे, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. आजचा मुद्दा हाच आहे: फाइलचं नाव हा फक्त दावा असतो, पुरावा नव्हे. आणि तो दावा तपासायची सवय आपण लावून घेतली नाही, तर त्याची किंमत आपल्या किंवा आईबाबांच्या बँक खात्यातून वसूल होते.

एक्स्टेन्शन म्हणजे काय, आणि काय नाही

फ्रीजरमध्ये आइस्क्रीमचा डबा दिसावा, मोठ्या आशेने झाकण उघडावं आणि आत मटार निघावेत, हा अनुभव नसलेलं मराठी घर सापडणं कठीण. बोर्नव्हिटाच्या बरणीत मोहरी आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुई-दोरा. डब्यावरचं नाव आणि डब्यातली वस्तू यांचा संबंध असेलच असं नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी कॉम्प्युटरसमोर बसलं की आपण ते विसरतो.

फाइलच्या नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं म्हणजे एक्स्टेन्शन. डॉट पीडीएफ, डॉट डॉकेक्स, डॉट एमपी४ वगैरे. एमएस-डॉसच्या काळात, म्हणजे १९८१पासून, नावाला ८ अक्षरं आणि एक्स्टेन्शनला ३ अक्षरं अशी मर्यादा होती. विंडोजने ती सवय पुढे चालवली. एक्स्टेन्शनचं काम एकच: डबल क्लिक केल्यावर कोणता प्रोग्रॅम उघडायचा हे ठरवणं. डॉट पीडीएफ दिसलं की पीडीएफ रीडर, डॉट ईएक्सई दिसलं की थेट ती फाइलच चालवायची. हे ठरवताना विंडोज आत डोकावत नाही. नाव बदलायला तर कुणाचीच परवानगी लागत नाही. तुम्ही रात्री साडेअकराला बदललंत, तसंच कुणीही बदलू शकतं.

सगळ्यांनी हाच मार्ग धरला होता असंही नाही. १९८४मध्ये आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉशमध्ये फाइलचा प्रकार नावात न लिहिता वेगळा, चार अक्षरी कोड म्हणून साठवला जायचा. म्हणजे एक्स्टेन्शन हा काही निसर्गनियम नाही. ती एक सोय आहे, आणि सोयीवर भरवसा किती ठेवायचा हे आपण ठरवायचं असतं.

फाइल स्वतःची ओळख सांगते

मग आत काय आहे हे कळायचं कसं? बहुतेक फाइल स्वतःच सांगतात. फाइलचे अगदी सुरुवातीचे काही बाइट ठरलेले असतात. त्यांना फाइलची सही म्हणा. कॉम्प्युटरवाले त्याला ‘मॅजिक नंबर’ म्हणतात.

पीडीएफ फाइलची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि पुढे पीडीएफ या तीन इंग्रजी अक्षरांनी होते. जिफ फाइल ‘जिफ८७ए’ किंवा ‘जिफ८९ए’ने सुरू होते, १९८७ आणि १९८९ ही त्या फॉरमॅटच्या दोन आवृत्त्यांची वर्षं. पीएनजीच्या पहिल्या आठ बाइटमध्ये दुसऱ्या ते चौथ्या जागेवर पी, एन, जी ही अक्षरं असतात. झिप फाइल ‘पीके’ने सुरू होते. ही पीकेझिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे ईएक्सई, ‘एमझेड’ने सुरू होतो. ही मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क झ्बिकोव्स्की या इंजिनिअरची आद्याक्षरं. जावा शिकणाऱ्यांसाठी खास: कम्पाइल केलेल्या क्लास फाइलचे पहिले चार बाइट हेक्समध्ये वाचले तर ‘कॅफे बेब’ अशी अक्षरं येतात. अशी थट्टा करणारी माणसंही तुमच्याआमच्यासारखीच, रात्री जागून कोड लिहिणारी होती.

ही युक्ती नवी नाही. युनिक्समध्ये ‘फाइल’ याच नावाची एक कमांड आहे. १९७३च्या युनिक्समध्येही ती होती. ती फाइलच्या आतले बाइट वाचते, सह्यांच्या यादीशी ताडून बघते आणि हे काय आहे ते सांगते. आज लिनक्सवर सर्रास मिळते ती आवृत्ती इयन डार्विन या प्रोग्रॅमरने १९८६मध्ये लिहायला घेतली. म्हणजे तुमच्या आईबाबांनी कॉम्प्युटर पाहायच्या आधीपासून ‘नावावर जाऊ नका’ हे शहाणपण उपलब्ध आहे. आपल्यापर्यंत ते पोहोचलं नाही, कारण आपल्याला कॉम्प्युटर शिकवताना ‘इथे डबल क्लिक करा’ एवढंच शिकवलं गेलं.

पाटी खोटी निघाली तेव्हा

४ मे २०००. जगभरातल्या मेलबॉक्समध्ये ‘आय लव्ह यू’ अशा विषयाचा मेल येऊन पडला. सोबत एक फाइल: ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी’. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, त्याने काय होणार? पण फाइलचं पूर्ण नाव होतं ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’. व्हीबीएस म्हणजे विंडोजवर चालणारा स्क्रिप्ट प्रोग्रॅम. आणि ‘ओळखीची एक्स्टेन्शन लपवा’ हे विंडोजचं मुळातलंच सेटिंग असल्यामुळे शेवटचे व्हीबीएस कुणाला दिसलंच नाही. दिसलं ते फक्त टीएक्सटी. लोकांनी प्रेमपत्र समजून उघडलं. त्याने कॉम्प्युटरमधल्या फाइल खराब केल्या आणि ॲड्रेसबुकमधल्या प्रत्येकाला स्वतःची प्रत पाठवली. ब्रिटिश संसदेलासुद्धा आपली मेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली. हे करणारा तरुण मनिलातल्या एका कॉम्प्युटर कॉलेजचा विद्यार्थी होता.

या गोष्टीला आता पाव शतक उलटून गेलं. आज तुम्ही नवाकोरा लॅपटॉप आणला तरी विंडोजमध्ये एक्स्टेन्शन लपवण्याचं ते सेटिंग पहिल्या दिवसापासून चालूच असतं. स्क्रीन नीटनेटकी दिसावी म्हणून वापरणाऱ्याला अंधारात ठेवायचं, हा व्यवहार आपण इतकी वर्षं का मान्य केला, हा प्रश्न विचारायलाच हवा.

बरं, एक्स्टेन्शन दिसायला लागलं की प्रश्न मिटला का? नाही. युनिकोडमध्ये एक अदृश्य चिन्ह आहे. त्याच्यानंतरची अक्षरं उजवीकडून डावीकडे दाखवली जातात. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या अरबी, हिब्रू, उर्दूसारख्या भाषांसोबत काम करताना अशा चिन्हांची गरज पडते. पण तेच चिन्ह फाइलच्या नावात घातलं, की शेवटी ‘जीपीजे डॉट ईएक्सई’ असलेलं नाव स्क्रीनवर ‘ईएक्सई डॉट जेपीजी’ असं उलटं उमटतं. तुम्ही डोळ्यांत तेल घालून बघितलंत तरी जेपीजीच दिसणार. आयकॉनचं तर विचारूच नका. प्रोग्रॅम बनवणारा त्याला हवं ते चित्र देऊ शकतो. ईएक्सईला पीडीएफचा लाल आयकॉन लावणं हा पाच मिनिटांचा खेळ आहे. शॉर्टकट फाइलची तर आणखी वेगळी तऱ्हा. सेटिंग बदललं तरी तिचं एक्स्टेन्शन दिसत नाही. आयकॉनच्या कोपऱ्यातला छोटा बाण हीच तिची खूण. कुणी पाठवलेल्या झिपमधून निघालेल्या ‘पीडीएफ’ला असा बाण दिसला तर तिथेच थांबा.

आणि हे फक्त आपल्यासारख्यांचं होतं असं नाही. मोठमोठ्या कंपन्यांच्या ॲपचीही इथे फसगत होते. एप्रिल २०२५मध्ये मेटाने विंडोजवरच्या व्हॉट्सॲपमधली एक त्रुटी जाहीर केली. आलेली फाइल कोणत्या प्रकारची आहे हे दाखवताना ते ॲप फाइलसोबत आलेली प्रकाराची चिठ्ठी वाचायचं, आणि उघडताना मात्र नावातलं एक्स्टेन्शन. चिठ्ठीवर ‘फोटो’ आणि नावात ‘प्रोग्रॅम’ अशी जोडी कुणी मुद्दाम जमवली, तर तुम्हाला दिसणार फोटो आणि उघडल्यावर चालणार प्रोग्रॅम. २.२४५०.६ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. धडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: दाखवणारा एका पाटीवर विसंबला, उघडणारा दुसऱ्या पाटीवर, आणि आत नेमकं काय आहे ते दोघांनीही बघितलं नाही.

पत्रिका कधी ‘इन्स्टॉल’ होत नाही

तुम्ही म्हणाल, आम्ही लॅपटॉप वापरतो कुठे? सगळं फोनवरच. तर मग हे तुमच्यासाठीच आहे.

लग्नसराईत व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून, कधी कधी तर ओळखीच्याच नंबरवरून ‘आमच्या लग्नाला यायचं हं’ असा मेसेज येतो. सोबत फाइल, नाव ‘वेडिंग इन्व्हिटेशन’. शेवटी ‘डॉट एपीके’. कधी तीच फाइल वाहतुकीच्या ई-चलनाच्या नावाने येते, कधी बँकेच्या केवायसीच्या, कधी एखाद्या सरकारी योजनेच्या. अनेक राज्यांच्या सायबर पोलिसांनी याबद्दल इशारे दिले आहेत. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲप. ना फोटो, ना पीडीएफ. ते इन्स्टॉल केलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली, की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला कळतो. काही वेळा तीच ‘पत्रिका’ तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या कॉन्टॅक्टना जाते. म्हणूनच ती ओळखीच्या नंबरवरून येऊ शकते. ‘मामानेच पाठवलीये’ हा तुमचा विश्वास त्या चोराने आधीच हिशेबात धरलेला असतो.

इथे बाइट मोजत बसायची गरज नाही. फाइलची वागणूकच तिची ओळख सांगते. पत्रिका बघायची असते, ऐकायची असते, फार तर प्रिंट काढायची असते. पत्रिका कधी ‘इन्स्टॉल’ होत नाही. चलनाची पावती कधी तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागत नाही. फोनने ‘या सोर्सवरून ॲप इन्स्टॉल करू द्यायचं का?’ असं विचारलं, की समजा तो तुम्हाला ओरडून सांगतोय: ही पत्रिका नाही!

अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘अननोन ॲप्स’ इन्स्टॉल करायची परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल मॅनेजर यांच्यापैकी कुणाला ती दिलेली आहे का ते आत्ता बघा. असेल तर बंद करा. तुमच्या आईच्या, आजोबांच्या फोनवरही बघा.

आणि चुकून इन्स्टॉल झालंच, तर लाजून गप्प बसू नका. फोनचं इंटरनेट आणि नेटवर्क लगेच तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे गेले असतील तर इथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. घरातल्या कुणाच्या हातून झालं, तर आधी मदत करा, रागवायचं ते नंतर.

वास घ्या, घोट घेऊ नका

पूर्वी घरोघरी रॉकेल असायचं, आणि कुठे कुठे ते पाण्याच्याच बाटलीत भरलेलं असायचं. बाटलीत काय आहे अशी शंका आली, तर शहाणी माणसं वास घेऊन बघायची. घोट घेऊन कुणी बघायचं नाही. फाइल ओळखण्याचा सुरक्षित मार्ग हाच आहे. तपासायची, पण चालवायची नाही. डबल क्लिक म्हणजे घोट घेणं. मग वास घ्यायचा कसा?

पहिलं काम, पाटी पूर्ण दिसू द्या. विंडोज ११मध्ये फाइल एक्स्प्लोरर उघडा, वरच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’, आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. एवढ्याने सगळं कळत नाही, पण ‘डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ अशी दुहेरी नावं तरी तत्काळ पकडली जातात.

दुसरं, नोटपॅड. हो, तोच आपला साधा नोटपॅड. आधी नोटपॅड उघडा, ‘ओपन’मध्ये जाऊन ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि संशयित फाइल उघडा. शॉर्टकटवर मात्र हा प्रयोग करू नका, ते ज्याकडे बोट दाखवतात तीच फाइल उघडायला जातात. नोटपॅड फाइल चालवत नाही, फक्त अक्षरं म्हणून दाखवतो. स्क्रीनभर अगम्य चिन्हं येतील, घाबरू नका. फक्त पहिली ओळ बघा. टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ दिसलं तर पीडीएफ. पीएनजी दिसलं तर पीएनजी. ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ दिसलं तर बहुतेक जेपीजी फोटो. पण ‘एमझेड’ दिसलं, आणि थोडं पुढे ‘हा प्रोग्रॅम डॉस मोडमध्ये चालत नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य सापडलं, तर नाव काहीही असो, तो प्रोग्रॅम आहे. आणि ‘फोटो’ म्हणून आलेल्या फाइलमध्ये चक्क वाचता येईल असा कोड दिसला, तर तीसुद्धा धोक्याची घंटा. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा, नाहीतर चांगली फाइलही बिघडेल.

तिसरं, ज्यांच्याकडे लिनक्स किंवा मॅक आहे त्यांनी टर्मिनल उघडावं, ‘फाइल’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करावा, एक स्पेस द्यावी आणि फाइल ओढून टर्मिनलवर सोडावी. एंटर दाबलं की उत्तर एका ओळीत मिळतं. कॉम्प्युटर लॅबमध्ये लिनक्स असेल तर आजच करून बघा. एखाद्या पीएनजीचं नाव बदलून तिला एमपी३ करा आणि विचारा. कमांड नावाला भुलत नाही, हे डोळ्यांनी बघण्यात वेगळी मजा आहे. गूगलने २०२४मध्ये ‘मॅजिका’ हे याच कामाचं साधन सर्वांसाठी खुलं केलं. ते सह्यांच्या यादीऐवजी मशीन लर्निंग वापरतं.

चौथं, व्हायरस टोटलसारख्या वेबसाइटवर फाइल टाकली की ती अनेक अँटिव्हायरसकडून तपासली जाते आणि फाइलचा खरा प्रकारही कळतो. पण तिथे टाकलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्या आणि संशोधकांनाही उपलब्ध होते. त्यामुळे स्वतःची मार्कशीट, आधार, बँक स्टेटमेंट असलं काही तिथे टाकू नका.

ओळख पटली म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे

इथवर वाचून ‘आता मला कोण फसवणार!’ असं वाटत असेल, तर जरा थांबा. सही ओळखणं ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही.

एक तर एकच सही अनेकांची असते. ‘पीके’ने सुरू होणारी फाइल झिप असेल, वर्डची डॉकेक्स असेल, एक्सेलची असेल किंवा एपीकेसुद्धा असेल. कारण या सगळ्या मुळात झिपच आहेत. एखाद्या डॉकेक्सची कॉपी काढून तिला डॉट झिप असं नाव द्या आणि उघडा, आत फोल्डरच फोल्डर दिसतील. त्या फोल्डरांवरून पुढची ओळख पटते: ‘वर्ड’ नावाचा फोल्डर असेल तर वर्ड, अँड्रॉइडचा मॅनिफेस्ट असेल तर एपीके.

दुसरं म्हणजे, एकच फाइल दोन प्रकारांची असू शकते. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते आणि जिफची सही सुरुवातीला. दोन्ही एकाच फाइलमध्ये बसवता येतात. २००८मध्ये संशोधकांनी जिफ चित्र आणि जावाचा प्रोग्रॅम अशी दुहेरी फाइल बनवून दाखवली होती. फाइल काय आहे याचं उत्तर कधी कधी ‘उघडणारा कोण आहे’ यावर अवलंबून असतं.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं: शंभर टक्के अस्सल पीडीएफमध्येही फसव्या वेबसाइटची लिंक असू शकते. अस्सल वर्ड फाइलमध्ये मॅक्रो नावाचा छोटा प्रोग्रॅम दडलेला असू शकतो. त्यातून इतके हल्ले झाले, की मायक्रोसॉफ्टने २०२२पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो आपणहून अडवायला सुरुवात केली. म्हणून ओळख पटली तरी प्रश्न उरतोच: ही मला कुणी पाठवली, मी मागितली होती का, आणि ती मला काय करायला सांगतेय? मामाने अचानक एपीके पाठवली तर मामाला फोन लावा. व्हॉट्सॲपवर विचारू नका, कारण त्याचं व्हॉट्सॲपच दुसऱ्याच्या हातात असू शकतं.

उद्याचे इंजिनिअर, तुमच्यासाठी

तुमच्यापैकी कित्येकजण यंदा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ‘स्टुडंट पोर्टल’ बनवत असाल. त्यात फोटो किंवा रिझ्युमे अपलोड करायचं बटण असेलच. ते लिहिताना नावाच्या शेवटी जेपीजी आहे की नाही एवढंच तपासलंत, तर वर सांगितलेली सगळी फसवणूक तुमच्या सर्व्हरच्या दारात उभी आहे असं समजा. ब्राउझर फाइलचा प्रकार कळवतो, पण तोही दावाच. पाठवणारा तो सहज बदलू शकतो.

चांगला रिवाज असा: कोणते प्रकार चालतील याची छोटी यादी करा, बाकी सगळं नाकारा. आतली सही तपासा. फोटो असेल तर तो सर्व्हरवर उघडून नव्याने सेव्ह करा. फाइलला पाठवणाऱ्याने दिलेलं नाव न ठेवता स्वतःचं नाव द्या. आणि जिथे कोड चालतो त्या फोल्डरमध्ये अपलोड झालेल्या फाइल कधीच ठेवू नका. एसव्हीजीला चित्र समजून बिनधास्त आत घेऊ नका. तो मजकूर असतो आणि त्यात स्क्रिप्ट दडवता येते. एकटा कोणताच उपाय पुरत नाही, सगळे मिळून पुरतात.

व्हायव्हाला परीक्षकांनी हे विचारलं नाही तरी करा. कारण तुम्ही आज लिहिलेली सवय उद्या एखाद्या बँकेच्या किंवा हॉस्पिटलच्या सिस्टिममध्ये जाऊन बसणार आहे.

मागणी आणि जबाबदारी

मागण्या साध्या आहेत. एक्स्टेन्शन लपवण्याचं सेटिंग कंपन्यांनी मुळातच बंद ठेवून द्यावं. कॉलेजांनी पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, शाखा कोणतीही असो, अर्धा तास हे शिकवावं: फाइल म्हणजे काय, ती कोण उघडतं आणि नावाचा अर्थ किती. कॉमर्सच्या विद्यार्थ्याचं बँक खातं इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याइतकंच खरं असतं. आणि सही-शिक्क्याची नोटीस झिपमधून आणि मूळ अर्ज एपीकेसारख्या ॲपमधून पाठवण्याची सवय संस्थांनी सोडावी. आपणच लोकांना कुठूनही आलेलं काहीही उघडायला शिकवायचं आणि नंतर ‘काळजी घ्या’ म्हणायचं, हे बरं नव्हे.

पण मागण्या पूर्ण होईपर्यंत आपण काय करायचं? बहुतेक घरांत ‘फोनमधलं कळतं’ असा एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे तुम्ही. रिचार्ज तुम्ही करता, फॉर्म तुम्ही भरता, ‘हे काय आलंय बघ रे’ म्हणून फोन तुमच्याच हातात येतो. त्या क्षणी तुम्ही टॅप करता की आधी बघता, यावर घरातले बाकीचे काय शिकतील हे ठरतं. आज रात्री स्वतःच्या लॅपटॉपवरची एक्स्टेन्शन दिसू द्या. येत्या सुट्टीत घरी गेलात की घरातल्या प्रत्येक फोनवरची ती ‘अननोन ॲप्स’ची परवानगी बंद करून या. आईला सेटिंगचं इंग्रजी नाव लक्षात राहणार नाही कदाचित. पण आइस्क्रीमच्या डब्यातले मटार तिनेच ठेवलेत. पाटीवर विश्वास ठेवू नये हे तिला वेगळं शिकवायला लागणार नाही, फक्त फोनलाही तेच लागू होतं एवढं सांगा.